दोन घरचा पाहुणा

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, या शहरातील एग्मोर हा विभाग बहुतेकांच्या परिचयाचा असतो तो तेथील रेल्वे स्थानकामुळे. तामिळ भाषेत त्याचे नाव एळुंबूर. १९०८ साली उघडलेल्या तांबड्या-पांढऱ्या घुमटदार स्थानकातून दक्षिणेच्या गाड्या सुटतात आणि कावेरीच्या काठची माणसे राजधानीत प्रथम पाऊल ठेवतात ते बहुधा येथेच. स्थानकाजवळ तामिळनाडू सरकारचा दफ्तरखाना आहे. थोड्या अंतरावर पँथिऑन रस्त्याला १८५१ साली स्थापन झालेले वस्तुसंग्रहालय आणि त्याच आवारात १८९६ साली उघडलेले कॉनेमारा ग्रंथालय आहे. मद्रासच्या नभोवाणीचे बालपणही याच भागात गेले. मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब या हौशी मंडळींच्या संस्थेने १९२४ सालच्या जुलैअखेर आपले ध्वनिक्षेपण सुरू केले ते एग्मोरमधील हॉलोवेज गार्डन या ठिकाणाहून. आणि १६ जून १९३८ रोजी आकाशवाणीचे मद्रास केंद्र सुरू झाले तेही एग्मोरच्या मार्शल्स रोडवरील 'ईस्ट नूक' नावाच्या बंगल्यात.

कागद, मूर्ती, ग्रंथ आणि ध्वनी ही समाजाच्या स्मरणशक्तीची चार साधने. एग्मोरमध्ये ती चारही अर्ध्या तासाच्या पायपिटीत सापडतात. असे असूनही याच प्रांतात, एका मराठी राजाच्या दरबारी, मराठी भाषेत आणि कर्नाटक संगीताच्या रागतालांत रचली गेलेली गाण्यांची एक मोठी माला शंभरांहून अधिक वर्षे कोणाच्याही स्मरणात नव्हती. तिचा कर्ता म्हणून ज्यांचे नाव सांगितले जाते, त्या तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांची कोवळी वर्षे एग्मोरच्या शेजारीच गेली होती. त्या गाण्यांचे काय झाले आणि का झाले, हा प्रश्न केवळ संगीताच्या अभ्यासकांचा नाही. आपली भाषा आपल्या प्रदेशाबाहेर गेली म्हणजे तिच्या वाट्याला काय येते, याचाही तो प्रश्न आहे.

आपल्याकडे गीत आणि चाल या दोहोंचा कर्ता एकच असेल तर त्याला 'वाग्गेयकार' म्हणतात. वाक् म्हणजे शब्द, गेय म्हणजे गाण्याचा भाग. हे दोन्ही ज्याला साधतात तो वाग्गेयकार. या शब्दाची शास्त्रशुद्ध मांडणी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने आपल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात केली, आणि तो ग्रंथ सिद्ध झाला तो देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, म्हणजे महाराष्ट्राच्याच भूमीवर. शार्ङ्गदेवाने वाग्गेयकारांच्या प्रतीही लावल्या आहेत. शब्द आणि स्वर दोन्ही उत्तम तो श्रेष्ठ. स्वर चांगला पण शब्द सामान्य तो मध्यम. शब्दात निपुण पण स्वरात उणा तो कनिष्ठ. शब्दांपेक्षा स्वराला हे झुकते माप का, हे ज्याने एखादे गाणे शब्द विसरल्यावरही दिवसभर गुणगुणले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. ही जात जगात सर्वत्र आहे. फ्रान्स देशात स्वतःची कविता स्वतःच्या चालीवर गाणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. त्यांपैकी जॉर्ज ब्रासाँस यांना १९६७ साली फ्रेंच अकादमीने काव्याचे पारितोषिक दिले, तेव्हा गाणारा हा कवी असू शकतो यावर तेथील सर्वोच्च विद्वत्सभेची मोहोर उठली. ब्रासाँसच्या मागे त्याचा देश होता, त्याची भाषा बोलणारे श्रोते होते आणि घरोघर वाजणाऱ्या ध्वनिमुद्रिका होत्या. तंजावरच्या मराठी वाग्गेयकाराच्या मागे यांपैकी काहीच नव्हते.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी, ऊर्फ एकोजी, यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. या घराण्याने रणांगणावर काय मिळवले याची यादी फार लांब होणार नाही. पण विद्या आणि कला यांच्या क्षेत्रात तंजावरचे भोसले हिंदुस्थानातील कोणत्याही राजकुळाच्या मांडीला मांडी लावून बसू शकतात. एकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले. ते स्वतः वाग्गेयकार होते. तेलुगू आणि मराठी भाषांत त्यांनी पदे रचली, तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींना उद्देशून 'पल्लकीसेवा प्रबंध' हे तेलुगू संगीतक लिहिले, रागांची लक्षणे टिपून ठेवली, आणि मराठीत नाटकेही लिहिली. पुढे तुळजाजीराजांनी 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. तो संगीतशास्त्राच्या अभ्यासात आजही आधारभूत मानला जातो. राजाने गवयांना पोसावे हे सर्वत्र घडते. राजाने गवयांच्या पंक्तीत बसून शास्त्र लिहावे, पदे बांधावी, हे क्वचित घडते. तंजावरात ते पिढ्यान्‌पिढ्या घडले.

या परंपरेचे शेवटचे मोठे नाव दुसरे सरफोजीराजे. त्यांचा जन्म १७७७ चा. दुसऱ्या तुळजाजींनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि थोड्याच दिवसांत डोळे मिटले. दत्तविधान योग्य की अयोग्य हा वाद निघाला. तुळजाजींचे बंधू अमरसिंह गादीवर बसले आणि दहा वर्षांचा दत्तक पुत्र जिवाच्या भीतीत वाढू लागला. तुळजाजींनी मरतेवेळी ज्याच्या हाती या मुलाला सोपविले तो ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्ट्झ त्याचा रक्षक झाला. अखेर १७९३ मध्ये मुलाला आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे त्याच्या शिक्षणाची जबाबदारी गेरिके या जर्मन मिशनऱ्याकडे आली. गेरिके वेपेरीचा, आणि वेपेरी म्हणजे एग्मोरचा शेजार. त्याच काळात एग्मोरच्या जुन्या गढीतील अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल हा शिक्षक, मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे या आपल्या पद्धतीचे प्रयोग करीत होता. ती पद्धती पुढे 'मद्रास पद्धती' या नावाने इंग्लंडात गाजली. सोळा-सतरा वर्षांचा राजपुत्र अशा वातावरणात इंग्रजी शिकला, शास्त्रांची गोडी लागून घेऊन वाढला आणि १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवर बसण्यासाठी परत गेला.

पण ती गादी आता नावाचीच होती. पुढल्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला राहिला, सालिना एक लक्ष पॅगोडा आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. बावीस वर्षांच्या सुशिक्षित, बुद्धिमान पुरुषाला असे कामावाचून सिंहासनावर बसविले म्हणजे तो सहसा व्यसनांकडे वळतो. त्या काळच्या संस्थानी इतिहासात उदाहरणांना तोटा नाही. सरफोजीराजे ग्रंथांकडे वळले. त्यांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आज सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखिते आहेत. त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये त्यातून इसापच्या कथांचे मराठी रूपांतर छापून घेतले. पुण्यामुंबईस मराठी ग्रंथांच्या छपाईला अजून आरंभ व्हायचा होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांच्याच आज्ञेने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी इतिहास कोरण्यात आला. १८२६ च्या मार्च महिन्यात बिशप हेबर तंजावरास आला तेव्हा हा राजा लाव्हाझिए, ब्युफाँ, लिनिअस यांच्या ग्रंथांतील वचने सहज उद्धृत करतो आणि शेक्सपिअरविषयी मार्मिक मत देतो, हे पाहून तो चकित झाला व तसे त्याने लिहून ठेवले.

हेबरला जे दिसले ते युरोपीय विद्येचे दालन होते. राजवाड्याच्या दुसऱ्या दालनात काय चालले होते ते समजण्याइतकी मराठी वा तामिळ त्याला येत नव्हती. तेथे कर्नाटक संगीताचा सुवर्णकाळ चालू होता. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे तिघेही सरफोजीराजांचे समकालीन आणि तिघेही कावेरीच्या खोऱ्यातले. राजांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्येही वाजत आणि तंजावरचा वाद्यवृंद नावाजलेला होता. दरबारी नृत्याची धुरा नट्टुवनारांकडे, म्हणजे पिढीजात नृत्यगुरूंकडे असे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू याच दरबारच्या छायेत वाढले. पुढे 'तंजावरचे चतुष्टय' म्हणून त्यांची कीर्ती झाली, आणि अलारिप्पू, जतिस्वर, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना हा भरतनाट्याचा जो क्रम आज जगभर दिसतो तो बसविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

या वातावरणात सरफोजीराजांच्या नावावर दोन महत्त्वाच्या मराठी गेय रचना आहेत. पहिली 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी हा तामिळ लोकनाट्याचा प्रकार. डोंगरी जातीची कुरत्ती नावाची भविष्य सांगणारी स्त्री येते, आपण कोणकोणते देश पाहिले ते गात सांगते आणि नायिकेचा हात पाहते. सरफोजीराजांची कुरवंजी इंद्राच्या राणीसमोर उभी राहते आणि चक्क पृथ्वीचा भूगोल गाते. खंडे, देश, समुद्र यांची नवी माहिती, वेपेरीच्या मिशनऱ्याजवळ शिकलेली विद्या, तामिळ डोंगरातील स्त्रीच्या तोंडी आणि मराठी भाषेत! असा संकर कोणी जाणून करू गेला तर हास्यास्पद होईल. तंजावरात तो सहज झाला, कारण तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत माणसे अशाच चार भाषांत वावरत होती.

दुसरी रचना अधिक मोलाची. तिचे नाव 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस'. हे नाव क्षणभर थांबून वाचण्यासारखे आहे. 'कोर्वै' हा तामिळ शब्द, अर्थ ओवणी, माळ. 'साहित्य' हा शब्द संस्कृत, पण कर्नाटक संगीतातील खास अर्थाने, म्हणजे गीताचे बोल या अर्थाने आलेला. 'जिन्नस' मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्या वाणसामानाच्या यादीत येऊन बसला. आणि या तिघांना एका दोऱ्यात ओवणारे प्रत्यय तेवढे मराठी. तंजावरच्या मराठीचा सारा इतिहास या तीन शब्दांत आहे. पुण्याच्या पंडिताला हे नाव अशुद्ध वाटेल आणि तामिळ पंडिताला परके. तंजावरच्या दफ्तरदाराला त्यात खटकण्यासारखे काही वाटले नसेल.

या संग्रहात निरूपणे आहेत. निरूपण हा शब्द मराठी श्रोत्यांना कीर्तनातून परिचित आहे. येथे मात्र ते नृत्यासाठी रचलेले आहे. पुराणातील एखादा विषय घ्यायचा आणि तो गाण्यांच्या मालिकेतून क्रमाने सांगायचा, अशी ही योजना. आरंभी 'जयजय' आणि 'शरणु', नंतर अलारू, सोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजति, अभिनयपद, तिल्लाणा, मग जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट, श्लोकवर्ण, कौत असे एकामागून एक प्रकार आणि शेवटी मंगल. यांतील कित्येक नावे आजच्या भरतनाट्याच्या कार्यक्रमपत्रिकेशी जुळतात हे उघड आहे. पण एक मोठा भेद आहे. आजच्या कार्यक्रमात प्रत्येक चीज वेगळ्या रागाची, वेगळ्या तालाची आणि वेगळ्या विषयाची असते. निरूपणात आरंभापासून मंगलापर्यंत कथा एक, राग एक आणि ताल एक.

या एकतेचे मर्म आजच्या श्रोत्याला ध्वनिमुद्रिकेच्या उदाहरणाने चटकन उमगेल. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ काळ वाजणारी तबकडी निघाली. तोवर तबकडीच्या एका बाजूवर तीनचार मिनिटांचे एकच गाणे मावत असे. आता एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. चतुर गीतकारांनी या सवडीचा उपयोग केला. दहाबारा सुटी गाणी एकत्र बांधण्याऐवजी एका भावाच्या सूत्रात ओवलेली गाण्यांची माळ त्यांनी रचली, आणि श्रोता ती पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकू लागला. सरफोजीराजांच्या निरूपणाची कल्पना हीच आहे. फरक इतकाच की त्यांना तबकडी नव्हती. नर्तकीचे पाय, नट्टुवनाराचा गळा आणि मृदंग हीच त्यांची तबकडी. एकच राग सतरा-अठरा प्रकारांतून खेळवायचा आणि तरीही कंटाळा येऊ द्यायचा नाही, हे काम सोपे नव्हे. तोच राग जयजयकारात गंभीर, वर्णात विस्तृत, पदात हळवा आणि तिल्लाण्यात चपळ व्हावा लागतो. ज्याला रागाचे अंतरंग ठाऊक आहे असाच रचनाकार या फंदात पडेल.

राजाच्या नावावरची रचना सर्वस्वी राजाच्या हातची असे समजणे भोळेपणाचे ठरेल. चाल आणि जती बसविण्यात दरबारच्या नट्टुवनारांचा वाटा असणारच. संगीत आणि नृत्य या दोन्ही कला अशा सहकार्यानेच फुलतात. परंतु हे काम मराठीत करावे ही इच्छा राजाची होती. तेलुगू ही तेथील गाण्याची रूढ भाषा होती, नर्तकींच्या जिभेला ती सरावाची होती. तेलुगूत लिहिले असते तर काहीच अडले नसते. राज्य हातचे गेलेल्या राजाने आपल्या घरच्या भाषेला परमुलखाच्या रंगमंचावर मानाचे आसन दिले, ही गोष्ट तिच्या काळाच्या संदर्भात लहान नाही.

सरफोजीराजे ७ मार्च १८३२ रोजी वारले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये औरस पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा केले. दरबार मोडला, नेमणुका थांबल्या, कलावंत वाट फुटेल तिकडे गेले. कित्येकांनी मद्रासचा रस्ता धरला. पुढील शतकात संगीताची राजधानी तंजावरहून मद्रासला आली ती अशीच. या प्रवासात कोणती गाणी बरोबर आली आणि कोणती मागे राहिली, हे पाहण्यासारखे आहे. त्यागराजांची कृती आली. दीक्षितरांची आली. चतुष्टयाची वर्णे आली. सरफोजीराजांची मराठी निरूपणे आली नाहीत.

याचे सोपे उत्तर असे दिले जाते की तामिळ मुलखात मराठी कोण ऐकणार? पण हे उत्तर पुरेसे नाही. त्यागराजांची भाषा तरी तामिळ कोठे होती? ती तेलुगू होती, आणि दीक्षितरांची संस्कृत. बहुसंख्य तामिळ श्रोत्यांनी परभाषेतील ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतली. खरे कारण निराळे आहे. त्यागराज दरबारापासून दूर, तिरुवैयारूच्या आपल्या घरात बसून शिष्यांना शिकवीत. उमयाळपुरम्, तिल्लैस्थानम्, वालाजापेट अशा गावोगावी त्यांच्या शिष्यशाखा पसरल्या. गाण्याचा हा व्यवहार कोणाच्या खजिन्यावर अवलंबून नव्हता, म्हणून खजिना संपला तेव्हा तो थांबला नाही. निरूपणांचे उलट झाले. ती दरबारच्या नर्तकींसाठी रचलेली, दरबारात सादर होणारी. नर्तकीचा पगार थांबला त्या दिवशी गाणेही थांबले. शब्द पोथीत उरले, रागतालांची नावे उरली. पण राग कसा फिरवायचा, कोठे थांबायचे, कोणत्या अक्षरावर पाऊल पडायचे, हे सारे गुरूच्या मुखात होते, आणि ते मुख मिटले.

याला पुरावा तंजावरातच आहे. सरफोजीराजांच्या स्तुतीपर 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' नावाचे एक तामिळ नृत्यनाट्य शिवक्कोळुंदु देशिकर या कवीने लिहिले. शरभेंद्र म्हणजे सरफोजी. हे नाट्य बृहदीश्वराच्या मंदिरात उत्सवाच्या वेळी नाचले जाई, आणि राज्य बुडाल्यावरही ते विसाव्या शतकापर्यंत चालू राहिले, कारण त्याला दरबाराचा नव्हे, देवळाचा आधार होता. परिणाम असा झाला की राजाविषयी दुसऱ्याने लिहिलेली गाणी शतकभर लोकांच्या डोळ्यांसमोर नाचत राहिली आणि त्याच राजाची स्वतःची गाणी त्याच गावात, हाकेच्या अंतरावरील ग्रंथालयात, रुमालात बांधलेली राहिली.

दक्षिणेने विसरले ते महाराष्ट्राने स्मरावे, ही अपेक्षा चुकीची नव्हती. पण महाराष्ट्राची दृष्टी तंजावरकडे क्वचितच गेली. आपण मराठी रंगभूमीचा आरंभ मोजतो तो १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी केलेल्या 'सीता स्वयंवर' नाटकापासून. तंजावरचे शहाजीराजे त्याच्या दीडशे वर्षे आधी मराठी नाटके लिहून गेले, हे अभ्यासकांनी सांगितले तरी तो दिवस आपल्या पंचांगात आला नाही. कर्नाटकी चाल मराठी कानाला परकी होती म्हणावे, तर अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांतील पदांना कर्नाटकी चालींचा आधार होता आणि महाराष्ट्राने ती पदे तोंडपाठ केली. पंडित विष्णू नारायण भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या यात्रेस गेले. एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितरांना भेटले, व्यंकटमखीच्या ग्रंथाचा त्यांनी अभ्यास केला, तुळजाजीराजांचे 'संगीतसारामृत' अभ्यासिले, आणि बहात्तर मेळांच्या त्या विचारातून प्रेरणा घेऊन हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली. आज महाराष्ट्रातील संगीताचा प्रत्येक विद्यार्थी ही मांडणी शिकतो. म्हणजे तंजावरातून महाराष्ट्राने शास्त्र आणले, चाली अन्य वाटांनी घेतल्या. तंजावरची मराठी गाणी मात्र कोणी उचलली नाहीत.

मद्रासमध्ये विसाव्या शतकात संगीताच्या भाषेवरून मोठे वादळ झाले. १९२८ साली स्थापन झालेल्या म्युझिक अकॅडमीच्या मैफलींत तेलुगू व संस्कृत कृतींचे प्राबल्य होते. तामिळ गाण्यांना मान मिळावा म्हणून चळवळ झाली आणि १९४३ साली तामिळ इसै संगम् उभा राहिला. दोन्ही पक्षांत मोठमोठे विद्वान होते, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. त्या वादात तामिळची बाजू मांडणारे होते, तेलुगूची बाजू मांडणारे होते. याच मातीत मराठीनेही शे-दीडशे वर्षे गाऊन दाखविले आहे, हे सांगायला कोणी उभे राहिले नाही. तंजावरची मराठी मंडळी मद्रासमध्ये थोडी नव्हती. त्यांतील अनेक मोठ्या हुद्द्यांवर होती. पण घरात मराठी आणि मैफलीत तेलुगू ही वाटणी त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यात काही उणे आहे असे त्यांना वाटले नाही. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' अशी आपल्याकडे म्हण आहे. या घरचे म्हणतात तो त्या घरी जेवला असेल. त्या घरचे म्हणतात तो या घरी जेवला असेल. सरफोजीराजांच्या गाण्यांची गत नेमकी अशी झाली.

येथे एक प्रतिउदाहरण सांगितलेच पाहिजे. दक्षिणेत मराठी गाणे सर्वस्वी मेले नाही. तंजावरच्या मठांतून आणि भजनमंडळ्यांतून तुकोबा-नामदेवांचे अभंग गायले जात राहिले. मराठी कीर्तनकारांच्या सहवासाने तामिळ हरिकथेला नवे रूप आले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तामिळ भागवतरांच्या तोंडी रुळली. आज चेन्नईच्या मार्गशीर्षातील संगीतोत्सवात मैफलीच्या उत्तरार्धात अभंग झाला की सभागृह ताल धरते. हे का टिकले? कारण भजनाला पगार लागत नाही. दहा माणसे, एक टाळ आणि एकादशीची रात्र एवढ्यावर ते चालते, आणि बाप गातो तेव्हा मुलगा मागे धरतो. त्यागराजांच्या कृती ज्या कारणाने जगल्या त्याच कारणाने अभंग जगले. आणि दरबारची निरूपणे ज्या कारणाने मेली ते कारण मराठी भाषा हे नव्हते, हे यावरून निर्विवाद सिद्ध होते.

सुदैवाने गोष्ट येथेच संपत नाही. सरस्वती महालाने 'देवेंद्र कुरवंजी' आणि 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या दोन्ही रचना छापून प्रसिद्ध केल्या. छापील पान हे गाणे नव्हे, पण गाण्यापर्यंत जाण्याची ती पायरी आहे. ती पायरी चढणारा माणूस मुंबईत निघाला. नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमार यांनी तंजावरच्या या निरूपणांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्यांची नृत्यरचना बसविली आणि 'तंजावूर नृत्यप्रबंध' हा मराठी ग्रंथ लिहिला. त्यांच्या शिष्या सुचेता चापेकर यांनी त्या रचना मराठी प्रेक्षकांसमोर आणल्या. पुढे त्यांनी तंजावर चतुष्टयाच्या वंशातील किट्टप्पा पिळ्ळै यांच्याजवळही शिक्षण घेतले. ज्या घराण्याच्या पूर्वजांनी सरफोजीराजांच्या दरबारी पाय थिरकविले, त्या घराण्याच्या गुरूजवळ महाराष्ट्रातील विद्यार्थिनीने बसावे, यात इतिहासाने एक जुने देणे फेडले असे म्हणण्यास हरकत नाही. लुप्त झालेली मूळ चाल अशाने जशीच्या तशी परत येत नाही, आणि तसा दावा कोणी करूही नये. परंतु राग ठाऊक आहे, ताल ठाऊक आहे, शब्द हाती आहेत, आणि त्या परंपरेची माणसे अजून नाचत-गात आहेत. एवढ्या सामग्रीवर गाणे पुन्हा उभे करणे ही कल्पनेची भरारी नसून परंपरेचेच काम आहे.

एग्मोरच्या दफ्तरखान्यात तंजावरच्या रेसिडेंटांचा पत्रव्यवहार जपून ठेवलेला आहे. वारसा कोणाचा, नेमणूक किती, वसूल कोणी करावा, अशा प्रश्नांवर एका राज्याच्या शेवटच्या पन्नास वर्षांत किती शाई खर्ची पडली ते त्यात पाहता येते. त्या साऱ्या प्रश्नांचा निकाल १८५५ मध्येच लागला; आज त्यांवर कोणाचे काही अवलंबून नाही. त्याच पन्नास वर्षांत त्याच राजवाड्यात रचल्या गेलेल्या गाण्यांचा निकाल मात्र अजून लागायचा आहे. मार्शल्स रोडच्या बंगल्यातून आकाशवाणीचे केंद्र केव्हाच समुद्रकाठच्या इमारतीत गेले, आणि त्या रस्त्याचे नावही बदलून रुक्मिणी लक्ष्मीपती रस्ता झाले. स्थानकातून तंजावरकडे गाड्या अजून सुटतात. त्या वाटेने जाणारा मराठी प्रवासी बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख पाहतो, अभिमानाने छाती फुगवतो आणि परत येतो. त्याने थोडे पुढे जाऊन सरस्वती महालातून ते छोटे पुस्तक विकत घ्यावे, आणि गावी परतल्यावर एखाद्या गाणाऱ्या मुलीच्या हाती द्यावे. पाहुण्याला पान वाढण्यासाठी याहून अधिक खर्च येत नाही.